घ्यायची टोपली, द्यायची टोपली

डोंगर ओलांडला की राजाही बदलायचा आणि नाणेही, अशा फार जुन्या काळातली ही गोष्ट आहे.

एका गावात एक बुरूडीण राहत होती. तिच्या टोपलीतून पाणी तेवढे गळे, दुसरे काही नाही. पण बाई भारी संशयी. दूध घेताना बोट बुडवून पाही, मीठ घेताना चाखून पाही. लोक तिला हसत.

तिच्या संशयाला कारण होते. एका धान्याच्या व्यापाऱ्याने तिच्याकडून मापाच्या दोन टोपल्या विणून घेतल्या होत्या. बाहेरून दोन्ही सारख्या, पण एकीचा तळ त्याच्या सांगण्यावरून आतून चार बोटे वर घेतलेला; कशाला, हे तिने तेव्हा विचारले नाही. धान्य घेताना तो खोल टोपली काढी, विकताना उथळ. हे उघडकीला आले तोवर सारे गाव नाडले गेले होते, आणि टोपल्या तिच्याच हातच्या होत्या.

पुढे तिच्या नवऱ्याच्या डोळ्यांपुढे धुके दाटू लागले. बांबू चिरताना कोयता बोटावर बसू लागला. डोंगरापलीकडच्या राज्यात एक वैद्य होता. त्याच्या अंजनाने गुण येई, पण ते लवकर घातले नाही तर नजर कायमची जाणार होती. अंजनाची किंमत होती चाळीस हंस, म्हणजे हंसाचा छाप असलेली तिथली नाणी. दुसरे नाणे वैद्य घेत नसे. बुरुडिणीने शेळी विकली आणि आपल्या राज्याची, हत्तीच्या छापाची बारा नाणी कमरेला बांधून ती निघाली.

सीमेच्या दरवाजापाशी रेशमी छताखाली एक सराफ बसला होता. डोक्यावर पाटी होती, ‘येथे बट्टा घेत नाही.’ बट्टा म्हणजे नाणे बदलून देण्याची मजुरी.

“या ताई, दमला असाल,” म्हणत त्याने सरबत पुढे केले. “एका हत्तीचे तीन हंस. बट्टा काही नाही. आत शहरात गेलात तर सोलून काढतील.”

तिने मनात हिशेब केला. बारा हत्तींचे छत्तीस हंस. अंजनाला चार कमी. सरबत फारच गोड होते, तिने ते अर्धे तसेच खाली ठेवले.

शेजारी घोडी विकत घ्यायला निघालेला एक माणूस होता. त्याने आपली सगळी थैली सराफापुढे ओतली आणि तिच्याकडे बघून हसला. “मावशी, फुकटात काम होतंय तरी कपाळाला आठ्या? देव भेटला तर त्यालाही विचाराल, तू कोण म्हणून.”

“विचारीन की,” ती म्हणाली.

तिने एकच हत्ती बदलला. तीन हंस मुठीत घेऊन दोन पावले गेली आणि परत वळली.

“दादा, माझं मन बदललं. हे तुमचे हंस घ्या आणि माझा हत्ती परत द्या.”

सराफाचे हसू मावळले. “हत्ती परत हवा तर पाच हंस पडतील.”

“आत्ता तर तीन दिलेत.”

“घ्यायचा भाव वेगळा, द्यायचा वेगळा.”

तिच्या डोळ्यांपुढे त्या दोन टोपल्या उभ्या राहिल्या. ती तडक शहराकडे चालू लागली.

बाजारात एक म्हातारा सराफ तागडी पुसत बसला होता. मान वर न करता तो म्हणाला, “एका हत्तीचे चार हंस. सगळ्यावर मिळून माझा बट्टा दोन हंस. पटलं तर बसा.”

हा तर तोंडावर मागतो! तिला त्याचाही संशय आला. ती दुसऱ्या दोन दुकानांत भाव विचारून आली, मग पुन्हा त्याच्यापुढे उभी राहिली.

“आणि उद्या हंस परत आणले तर?”

“चारालाच घेईन. बट्टा पुन्हा दोन. हवा खाऊन जगत नाही मी, बाई.”

तेव्हा ती बसली. अकरा हत्तींचे चव्वेचाळीस हंस, त्यातून बट्टा गेला दोन. एकेक नाणे तिने पदराला घासून पाहिले. आधीचे तीन धरून पंचेचाळीस झाले. अंजन घेऊन पाच उरले, त्यांचे तिने खजूर घेतले.

परतीच्या वाटेवर तिला तो घोडीवाला भेटला. खांद्यावर लगाम, पण घोडी नाही.

“घोडीला पैसे पुरले नाहीत,” तो खाली बघत म्हणाला. “परत बदलायला गेलो. शंभर हत्ती दिले होते, साठ हातात आले. बट्टा मात्र खरंच घेतला नाही हो त्याने.”

तिने त्याच्या हातावर मूठभर खजूर ठेवले.

महिन्याभराने नवऱ्याने तिची नवी टोपली उचलली, उजेडात धरली आणि म्हणाला, “अगं, इथे एक पट्टी चुकली आहे.” आपल्या कामात काढलेली चूक ऐकून ती आयुष्यात पहिल्यांदाच आनंदाने रडली.

म्हणून मुलांनो आणि मोठ्यांनो, ‘मी काही घेत नाही’ म्हणणारा भेटला, तर परत द्यायची वेळ आल्यास तो काय भाव लावील, हे आधी विचारावे.