विनिफ्रेडला काय दिसलं

फार जुनी गोष्ट. अमेरिकेच्या दक्षिणेत, कापूस पिकवणाऱ्या एका गावात ओडेसा नावाची कृष्णवर्णीय मुलगी राहत होती. काय धावायची म्हणून सांगू! उडालेली धूळ खाली बसायच्या आत पोरगी कुंपणाला हात लावून परत आलेली असायची. बघणारे तोंडात बोटं घालायचे.

"पोरीच्या जातीनं इतकं धावू नये," शेजारणी म्हणायच्या. ओडेसा एका कानानं ऐकायची नि दुसऱ्या कानानं सोडून द्यायची.

एका वर्षी देशाचा संघ निवडायला मोठ्या शहरात शर्यत ठरली. जागा एकच उरली होती. ओडेसा बसच्या अगदी मागच्या बाकावर बसून तिथं पोचली, कारण पुढं बसायची काळ्या माणसांना मुभा नव्हती. हॉटेलवाल्यानं तिला दारातूनच हाकललं. कपडे बदलायच्या खोलीतही गोऱ्या मुलींबरोबर घेतलं नाही. मग तिनं झाडाआड कपडे बदलले, आईनं बांधून दिलेली मक्याची भाकरी खाल्ली आणि रेषेवर जाऊन उभी राहिली.

पिस्तूल वाजलं. अहाहा, काय ते धावणं! शेवटच्या रेषेवर ताणलेला लोकरीचा धागा ओडेसाच्या छातीनं तुटला.

पंचांनी मात्र नाव पुकारलं विनिफ्रेडचं. ही शेजारच्या पट्ट्यात धावलेली गोरी मुलगी.

"साहेब, धागा तर माझ्या अंगावर आहे," ओडेसा म्हणाली.

"वाऱ्यानं उडून आला असेल," पंच म्हणाले. घ्या! झाडाचं पान हलत नव्हतं.

ओडेसाच्या डोळ्यांत पाणी तरारलं. पंचांशी हुज्जत घातली असती तर कायमची मैदानाबाहेर गेली असती. ती वळली आणि थेट विनिफ्रेडसमोर उभी राहिली.

"तूच सांग. धागा तुटला तेव्हा तुझ्यासमोर काय होतं?"

विनिफ्रेडनं मान खाली घातली. संघातली जागा आयती हातात आली होती. नुसतं गप्प राहिलं तरी भागत होतं.

"हिची पाठ," ती शेवटी म्हणाली. "सुरुवातीपासून मला हिची पाठच दिसत होती. असं धावणारं माणूस मी जन्मात पाहिलं नाही."

पंचांचा चेहरा खर्रकन उतरला. पुन्हा नाव पुकारावं लागलं, ओडेसाचं. ओडेसा संघात गेली आणि विनिफ्रेड घरी.

तात्पर्य: खरं विचारायला धीर लागतो, आणि आपल्याच तोट्याचं खरं बोलायला मोठी छाती लागते. ही दोन माणसं समोरासमोर आली की अन्यायाला पळता भुई थोडी होते.