आईला न जमलेली गोष्ट

चौदा वर्षांच्या शर्वरीला आम्ही घरीच शिकवतो, हे कळल्यावर माझे थोरले दीर तावातावाने आमच्या चिपळूणच्या घरी आले. ते निवृत्त मुख्याध्यापक. आमच्याकडे थोरल्या दिरांसमोर सुना बोलत नाहीत, म्हणून मी नेहमीसारखी स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहिले.

"हिची आई जेमतेम दहावी," ते माझ्या नवऱ्याला म्हणाले. "आईला जे येत नाही, ते पोरगी कुठून शिकणार? जूनपासून हिला वसतिगृहात टाक. मी बोलून ठेवलंय."

नवऱ्याने मान खाली घातली.

"मोठे काका, आईला न येणारी एक गोष्ट मी शिकलेय," शर्वरी म्हणाली.

"कोणती गं?"

"तुमच्यासमोर बोलायची. आईला ती लग्नापासून आजवर जमली नाही."

माझ्या हातातली पळी खाली पडली. भाऊजींचा कप ओठांपाशीच थांबला. मग ते सावकाश माझ्याकडे वळले.

"सुनंदा, तुला काही म्हणायचंय का?"

असं त्यांनी मला कधीच विचारलं नव्हतं.

"हो, भाऊजी." माझ्याच आवाजाने मी दचकले. "माझी मुलगी घरीच शिकेल."