मूठ जाईल तेवढी भेग

फार फार वर्षांपूर्वी, माणसं आजच्याइतकीच शहाणी होती त्या काळी, एका नगरात जुन्या वास्तूंच्या जतनासाठी एक मंडळ होतं. त्यात पाच वडीलधारी माणसं होती. बाजारकराचा दहावा हिस्सा त्यांच्या हाती असे आणि तो कोणत्या वास्तूला द्यायचा, हे ती ठरवत.

मागणारे पुष्कळ, पैसा थोडा. रोजची भांडणं नकोत म्हणून मंडळाने एक नियम केला. वास्तूच्या भेगेत प्रमुखांची मूठ गेली, तर पैसा मिळेल. नाही गेली, तर पुढच्या वर्षी या. नियम सगळ्यांना पटला. सोपे नियम लगेच पटतात, हे मी आयुष्यभर पाहत आलो आहे.

त्या नगरात एक बारव होती, पायऱ्यापायऱ्यांची खोल दगडी विहीर. उन्हाळ्यात नदी आटली की सारं नगर तिच्यावर जगे. एक म्हातारा गवंडी तिची निगा राखी. दगडांच्या सांध्यात पिंपळाचं रोप दिसलं की बोटभर असतानाच तो ते मुळासकट उपटी आणि तिथे चुना भरी. चाळीस वर्षं त्याने हेच केलं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी कधी विचारलंही नाही.

पुढे त्याचे गुडघे थकले. पायऱ्या उतरवेनात. तेव्हा तो मंडळापुढे गेला.

"एक गाडी चुना आणि हाताखाली दोन गडी द्या," तो म्हणाला. "तेवढ्यात भागेल."

मंडळ पाहणीला आलं. भिंतीत नव्याने उगवलेल्या पिंपळाच्या रोपाने पाडलेल्या भेगेत प्रमुखांनी हात घालून पाहिला. जेमतेम बोट गेलं.

"अहो बाबा, तुमची बारव तर ठणठणीत आहे!"

"ठणठणीत राहावी म्हणूनच मागतोय, मालक."

"खरं आहे. पण नियम म्हणजे नियम. पुढच्या वर्षी या."

दुसऱ्या वर्षी दोन बोटं गेली. तिसऱ्या वर्षी चार. त्याच वर्षी वेशीच्या कमानीला मात्र पैसा मिळाला. तिच्या राखणदारांनी आदल्या दिवशी पहार घालून भेग रुंद केली होती. साऱ्या नगराला ते ठाऊक होतं. मंडळालाही असावं.

शेजारी गवंड्याला म्हणाला, "तात्या, रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही. तुम्हीही घाला एक पहार."

"ज्या हातांनी सांभाळली, त्याच हातांनी फोडू?" म्हातारा म्हणाला आणि घरात जाऊन पडून राहिला.

चौथ्या वर्षी मूठ गेली. पिंपळ पुरुषभर उंच झाला होता. प्रमुखांचा चेहरा खुलला. "झालं बाबा तुमचं काम! एक गाडी चुना आणि दोन गडी, मंजूर!"

गवंडी भेगेत वाकून पाहत होता. "आता चुन्याने भागायचं नाही, मालक. मुळं भिंतीमागे गेलीत. सगळी भिंत उतरवून नव्याने बांधावी लागेल."

"एवढा पैसा कुठला आणायचा? मागितलं होतंत, तेवढं दिलं."

गडी आले, भेगेत चुना भरून गेले. त्या पावसाळ्यात भिंत कोसळली. बारवेच्या तळाचा झरा दगडमातीखाली गाडला गेला.

चैत्रात नदी आटली. लोक वाळूत झिरे खणून वाटीवाटीने घागरी भरू लागले. एका झिऱ्याशी प्रमुख बसले होते. त्यांच्यानंतर त्या म्हाताऱ्याची पाळी होती.

"बाबा, असं होणार होतं, तर आधी सांगायचं नाही का?" प्रमुख म्हणाले.

"सांगितलं होतं, मालक." म्हाताऱ्याच्या आवाजात राग नव्हता. रागवायलाही त्राण लागतं. "तेव्हा तुमचं नुसतं बोट जात होतं."

झिऱ्यात वाटीभर पाणी साठायची वाट पाहत दोघं उन्हात बसून राहिले.

म्हणून लहानथोरांनो, एवढंच ध्यानात ठेवा: पडलेलं उभारणाऱ्याचा सत्कार खुशाल करा, पण पडू न देणाऱ्याचं म्हणणं आधी ऐका.