पाठमोरा

वाडीच्या दक्षिण टोकाला, भरतीची रेघ संपते तिथे, गुडघाभर उंचीचा एक काळा खडक आहे. आम्ही त्याला पाठमोरा म्हणतो. रापणीची मासळी वाटताना एक माणूस त्यावर समुद्राकडे तोंड करून बसतो. मागे वाळूत मासळीचे वाटे मांडलेले असतात. दुसरा कोणी एकेका वाट्याला वल्हं टेकवून विचारतो, "हो कोणाचो?" बसलेला माणूस मागे न पाहता एक नाव घेतो. ज्याचं नाव येईल त्याचा तो वाटा.

पूर्वी असं नव्हतं. सांगतात की तेव्हा रापणीचा म्होरक्या, बाबल तांडेल, वाटणी करी. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. त्याचे दोर ओढायला चाळीस-पन्नास माणसं लागतात, आणि ओढील त्याला वाटा. माणसं ओळीने उभी राहत, बाबल प्रत्येकासमोर मासळी घाली. त्याच्या सचोटीबद्दल कोणाला शंका नव्हती. स्वतःचा वाटा तो शेवटी घेई, उरेल तेवढा.

त्याची लेक येसू वाडीतच दिली होती. ओळीत तिच्या शेजारी भागी उभी राही. भागीचा नवरा वादळात गेला होता, पदरात तीन मुलं. एका सकाळी ती सरळ म्हणाली, "काकानू, तुमचो हात लेकीकडे कलता."

बाबलला ते फार लागलं. टोपली तिथेच ठेवून तो घरी गेला. वाडीत दोन तट पडले. काहीजण भागीशी बोलेनात. काही म्हणाले, आम्हालाही तसं दिसलं होतं, पण बोललो नाही. अर्ध्या माणसांनी रापण ओढली जात नाही. आठ दिवस बांगडा समोरून जात राहिला आणि जाळं कोरडं पडून राहिलं. भागीच्या घरची पेज पातळ होत गेली, येसूच्याही.

नवव्या दिवशी बाबल आपणहून आला. रापण लागली. एरवीच्या दुप्पट वेळ घेऊन, मासा न् मासा निरखून त्याने वाटे केले आणि सगळे सारखे आहेत का, असं भागीलाच विचारलं. ती म्हणाली, सारखे असतील तर आज कोणीही कुठेही उभं राहू दे. बाबलने मान डोलावली. लोक इकडचे तिकडे झाले. भागी येसूच्या जागी जाऊन उभी राहिली.

"तो नको," बाबलच्या तोंडून निघून गेलं. "तो येसूचो."

बाबल बराच वेळ त्या वाट्याकडे पाहत राहिला. मग म्हणे त्याने समुद्रात हात धुतले, या खडकावर येऊन बसला आणि वाडीकडे पाठ केली.

"हात माझो, पण तो माका न कळता कलता," तो म्हणाला. "आजपासून मी फक्त नावां घेईन. वाटो बघूचंय नाय."

मरेपर्यंत त्याने तेच केलं. त्याच्या बसण्याने खडकाला खळगा पडला असं जुनी माणसं सांगत. मला तो लाटांचा वाटतो.

आजही रापण लागली की इथे कोणीतरी बसतंच. माणूस कितीही भरवशाचा असला तरी त्याला सूट नाही. गेल्या पौषात माझी पाळी होती. मागे वल्हं टेकलं, सुनेचं नाव ओठांवर आलं, आणि वाटा केवढा आहे ते बघायला मान वळायला लागली. मी दोन्ही हातांनी खडक धरून ठेवला.