डावं पायडल वर येताना

"पण आधी कुठला पाय काढायचा, ते तरी सांगा की मास्तर!"

बाबालाल मास्तरांनी अडकित्त्यात सुपारी धरली. कातरली. दोन खांडं तोंडात टाकली आणि मग विचारलं, "कशावरनं?"

"सायकलवरनं. दुसरं कशावरनं!"

"आत्ता तर खाली उभी हाईस."

वैजयंतानं हातातलं हँडल झटकलं. अर्धा तास ती हेच विचारत होती आणि मास्तर असंच काहीतरी तिरपागडं बोलत होते.

जतच्या मैदानावर सर्कशीचा तंबू लागला होता. दुपारचे बारा वाजून गेले होते, खेळ तीनचा. आत सगळ्या खुर्च्या रिकाम्या. रिंगच्या कडेला पालथ्या बादलीवर मास्तर बसले होते. सर्कशीतल्या तीन पिढ्यांना त्यांनी सायकल शिकवली होती, आणि आता त्यांना कुणी फारसं काही विचारत नव्हतं.

वैजयंताही विचारणाऱ्यातली नव्हती. नऊ वर्षं तिचा आयटम शेवटचा. पळत्या सायकलवर चढायचे सात प्रकार तिला येत होते. सीटवर उभी राहायची, उलटी बसून फिरायची, हात सोडून कमरेत वाकायची. उतरायचा प्रकार मात्र एकही येत नव्हता, कारण उतरायची वेळच कधी आली नव्हती. आयटम संपला की रिंगमधला गडी येसूदा पळत यायचा, मागून सीट गच्च धरायचा, आणि ही टुणकन उडी मारून दोन्ही हात वर करायची. टाळ्या हिला, धाप येसूदाला.

येसूदाचे गुडघे गेले आणि तो पाडव्याला गावी गेला. वैजयंता बाळंतपणानंतर अकरा महिन्यांनी परत उभी राहिली, तर मागं धरायला कुणी नाही. सोमवारी सरावात पडली. हनुवटीला तीन टाके. आज सकाळी मालकांनी चहा पिता पिता सांगून टाकलं, "तीनच्या खेळात एकटीनं उतरून दाखव. न्हाईतर उद्यापासनं सायकल दुसरीला."

सर्कशीत ज्याला आयटम नाही त्याला तंबूत जागा नाही. अकरा महिन्यांची पोर घेऊन जायचं कुठं?

"उतर," मास्तर म्हणाले.

"चढू तर द्या."

"मग चढ की!"

ती चढली. सर्कशीची सायकल म्हणजे आपली दूध घालायला नेतात तसली नव्हे. साध्या सायकलचं पायडल थांबवलं तरी चाक आपलं टरटर वाजत पुढं पळतं. हिला तसं मोकळं चाक नसतं. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार, पाय त्यावर असो की नसो. ब्रेकही नाही.

दोन फेऱ्या झाल्या. वैजयंतानं दात आवळले, पाय थांबवले...

पायडलनं तिला खालून असा हिसका दिला की ती भुशात आडवी.

मास्तर जागचे हलले नाहीत. "का पडलीस?"

"पाय थांबवले."

"कशाला?"

"उतरायचं हुतं म्हणून!"

"आणि पडलीस का?"

"पाय थांबवले म्हणून..." ती स्वतःच अडखळली. कोपराला लागलेला भुसा झाडत बसली. आपण काय बोललो, तेच तिला समजेना.

"खांब धरून उतर," मास्तर म्हणाले.

तिनं कडेच्या खांबाजवळ सायकल आणली, खांबाला मिठी मारली आणि उतरली. "जमलं!"

"रिंगच्या मधोमध खांब हाय?"

"न्हाई."

"मग न्हाई जमलं."

"मग सांगितलंत कशाला!"

मास्तरांनी सुपारी चघळली. "पाय मागं रेट. हळू कर. अगदी हळू."

तिनं पायडल उलटं रेटत रेटत सायकल मुंगीसारखी केली. सायकल डुगडुगली, कलंडली, आणि तिनं धपकन एक पाय खाली टेकला. पडली नाही. आशेनं तिनं मास्तरांकडं पाहिलं.

"हमाल पोतं उतरवतोय," मास्तर म्हणाले. "पोतं बघाय कोण तिकीट काढतंय?"

आता तिला रडू यायला लागलं. "मास्तर, चेष्टा करू नका. तीनला माझा जीव टांगणीला हाय. मी पडले, पाय मोडला, तर ह्या पोरीला कोण बघणार? तिचा बाप तर गेला सोडून. सगळा वेळ हेच डोक्यात फिरतंय. पहिल्यासारखं न्हाई राहिलं. पहिल्यांदा मला भ्या म्हणून ठावं नव्हतं."

मास्तरांनी अडकित्ता मिटून खिशात घातला.

"डावं पायडल तळाला जातंय," शेवटी ते म्हणाले. "तिथनं वर याय लागलं, की उतर."

"खाली आल्यावर, असंच ना?"

"वर येताना."

"अहो मास्तर, उतरायचं खाली, आणि पायडल वर येताना?"

"वर येताना."

म्हातारबा भरकटला, तिला वाटलं. सत्तरी उलटलेल्या माणसाचं ऐकून आपण हातपाय मोडून घेणार. पण दुसरं विचारायचं तरी कुणाला?

तेवढ्यात पडद्यामागच्या झोळीतून पोर रडली. वैजयंता धावली. पोरीला दात येत होते, सकाळपासून किरकिर चालू होती, अंग जरा कोमट लागत होतं. तिनं कपाळाला हात लावला, मानेला लावला, परत कपाळाला लावला. ताप होता की नव्हता, काही कळेना. मग तिथंच, मास्तरांसमोर, भुशावर वाकळ टाकून बसली. पोरीला मांडीवर घेतलं आणि मांडी हलवायला लागली.

पोर रडली, हुंदकली, डोळे मिटले, परत उघडले. मांडी हलतच होती. हळूहळू पोरीची मूठ सैल पडली. वैजयंतानं तिला अलगद वाकळेवर ठेवलं. हात थोपटत राहिला. मग तोही निघाला.

"आत्ता काय केलंस?" मास्तरांनी हळूच विचारलं.

"निजवली."

"मांडी कवा थांबवलीस?"

"ठेवायच्या आधी... न्हाई. आधी थांबवली तर उठतीया ती." तिनं आठवून बघितलं. "ठेवल्यावर?"

"ठेवली तवा मांडीवर कुठं हुती?"

वैजयंता पोरीकडं बघत राहिली. मग स्वतःच्या मांडीकडं. ती अजून बारीक बारीक हलत होती.

"मला न्हाई कळलं, मास्तर."

"बरं झालं," मास्तर म्हणाले आणि चुना शोधायला लागले.

तीन वाजता बँड वाजला. पोर झोळीत होती, झोळीची दोरी मास्तरांच्या हातात. पडद्याच्या फटीतून मालक बघत होते.

वैजयंता रिंगमध्ये आली. चढली. उभी राहिली, उलटी बसली, हात सोडले. लोक खूश होते, पण तिला लोक दिसत नव्हते. वर येताना, वर येताना... आणि मोडला तर? पोरीला ताप असला तर? वर म्हणजे कुठं वर?

शेवटची फेरी. बँडवाल्यानं ढोल धरला. डावं पायडल तळाला गेलं. तिनं पाय थांबवले नाहीत. त्यावर नुसता भार दिला.

पायडल वर आलं, आणि तिला घेऊन वर आलं. क्षणभर ती सीटपासून उचलली गेली, कुणी खांद्याला धरून उठवावं तशी. उजवा पाय आपोआप मागून फिरला. हात सुटले. आणि ती भुशावर होती, दोन पायांवर, पळत.

सायकल मात्र पुढं गेली. एकटी. वर कुणी नाही आणि पायडलं फिरताहेत, गोल गोल. सायकल सरळ पडद्याकडं निघाली. लोकांना वाटलं हाही आयटमच. तंबू टाळ्यांनी भरून गेला. मालकसुद्धा टाळ्या वाजवत होते.

वैजयंताचे हात वर करायचेच राहिले. ती सायकलमागं पळत पडद्याआड आली.

मास्तरांनी सायकल पकडली होती. एका हातात झोळीची दोरी, दुसऱ्या हातात सीट. मागचं चाक त्यांनी जमिनीवरून उचलून धरलं होतं. चाक फिरत होतं, पायडलं फिरत होती.

"मास्तर, मी उतरले!" तिला धाप लागली होती. "कशी उतरले ते न्हाई कळलं. पण उतरले. आणि मास्तर... खाली आले तवा भ्या न्हाई वाटलं. मघापर्यंत हुतं की. गेलं कुठं?"

फिरणारं पायडल थांबवायला तिनं हात पुढं केला.

मास्तरांनी तो बाजूला सारला.

"थांबवू नगंस," ते म्हणाले. "तुझं भ्या अजून वर बसलंय. त्याला उतराय येत न्हाई."