विहीर फुकट, समुद्र दामाने

पूर्वी मिथिला नगरीत एक राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व रंगाऱ्याच्या कुळात जन्मले आणि मोठेपणी खेळाचे पट बनवू लागले. पदरी कारागीर नाहीत, पाठीशी कोणी धनिक नाही. खेळ ते एकटे रचत आणि कापड त्यांची बायको खेमा रंगवी. खेमा कामाला वाघीण होती आणि बोलायलाही. खोटे तिला मुळीच खपत नसे.

त्यांनी सार्थपट नावाचा खेळ केला. कवड्या टाकायच्या, दान पडेल तशी सोंगटी सरकवायची आणि व्यापाऱ्यांचा तांडा रानावनातून, वाळवंटातून पुन्हा नगराच्या वेशीत आणायचा. वाळवंटात विहिरीवर थांबल्याशिवाय पुढे जायचे नाही, असा नियम होता. पट हातोहात खपले आणि आठ दिवसांत नगरात बोंब उठली. एकाचाही तांडा वाळवंटापलीकडे जाईना, कारण पटावर विहीरच नव्हती! घरी खेळ पारखताना नवराबायको विहिरीच्या जागी एक चिंचोका ठेवीत. त्या चिंचोक्याची इतकी सवय झाली, की विहीर काढायची राहिली हे दोघांच्याही ध्यानात आले नाही.

हे कळताच कोरंड श्रेष्ठी आला. खेळण्यांची मोठी कर्मशाळा त्याची होती. त्याने सांगितले, की चूक झाली असे बोलूच नका. विहिरीची ठिगळे रंगवा आणि नवी भर म्हणून विका, अडलेले लोक मुकाट्याने घेतील. आपण लाकडी रथ विकतो तो बिनचाकांचा आणि चाके मागाहून विकतो, हेही त्याने मोठ्या दिमाखात सांगितले. काय म्हणावे असल्या अकलेला!

खेमाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "माणसाला वाळवंटात नेऊन सोडायचं आणि मग त्यालाच पाणी विकायचं? याला धंदा म्हणत नाहीत, श्रेष्ठी. वाटमारी म्हणतात."

बोधिसत्त्व एवढेच म्हणाले, की चूक आपली, तर दाम लोकांनी का मोजावे? निळीची वाटी आणि कुंचला घेऊन ते घरोघर गेले आणि प्रत्येक पटावर आपल्या हाताने विहीर काढून आले. दीड महिना त्यांची पाठ सरळ झाली नाही. कोणी ताक दिले, कोणी चार शब्द सुनावले. त्यांनी दोन्ही घेतले.

मग दोघांनी दुसरा पट करायला घेतला. वेशीपासून पुढे बंदर, गलबते, वादळे, सात बेटे असा तो समुद्राचा पट होता आणि जुन्या पटाला जोडून खेळायचा होता. त्यात वर्ष गेले. खेमाचे हात कोपरापर्यंत निळे झाले, ते धुऊनही जाईनात. घरात होते नव्हते ते सारे त्या रंगांत गेले. पट खपला नाही, तर कोरंडच्या कर्मशाळेत मजुरीला जाऊन रथांची चाके काढून ठेवायची, एवढेच नशिबी उरले होते.

आणि कोरंड नेमका त्यासाठीच टपून बसला होता. त्याने बाजारचौकात लोकांचे कान भरले, की विहीर फुकट दिली, मग समुद्राला दाम कसले? हा आता लुटायला निघाला! ज्यांनी आपल्या पटावर विहीर फुकट काढवून घेतली होती, तेच लोक माना डोलावू लागले. चिडावे तरी कोणाकोणावर!

खेमा चौकात उभी राहिली आणि कोपरापर्यंतचे निळे हात तिने सगळ्यांसमोर धरले. "चुकलं तेव्हा तुमच्या उंबऱ्याउंबऱ्यावर हा माणूस वाकला. ते आमचं देणं होतं, फेडलं. हे वर्ष आमचं आहे. ते आम्ही कोणाच्या बापाचं देणं लागतो, सांगा!"

बोधिसत्त्वांनी तिला शांत केले आणि जुना पट पसरला. ते म्हणाले, "श्रेष्ठींनी हा खेळावा. समुद्रावाचून त्यांचा तांडा वेशीत पोचला नाही, तर समुद्र सगळ्यांना फुकट."

कोरंड खुशीत बसला. त्याला पोचायचेच नव्हते! समोर खेमा खेळायला बसली. तो मुद्दाम आडवाटेला शिरे, रानातच घुटमळे. खेमाला त्याचा डाव कळला. तिची सोंगटी वेशीपासून चार घरांवर आली, तशी ती लोकांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, की श्रेष्ठींना रथाची चाके काढता येतात, सोंगटी काही चालवता येत नाही. लोक हसले. ते हसू कोरंडला झोंबले. जन्मात तो कोणाकडून हरला नव्हता आणि आता रंगारणीकडून हरायचे? तो सरसावून बसला. दाने पडत गेली, रान मागे पडले, विहिरीवर थांबून वाळवंटही मागे पडले. खेमाला हवे ते दान काही पडेना. शेवटची कवडी पडताच कोरंड दोन्ही हात उंचावून ओरडला, "पोचलो! वेशीत पोचलो!"

बोधिसत्त्वांनी वेशीतल्या त्याच्या सोंगटीवर बोट ठेवले.

"श्रेष्ठी," बोधिसत्त्वांनी विचारले, "समुद्रावाचून काही अडलं का?"

मग जो हशा उठला, त्यात कोरंड पागोटे सावरत निघून गेला. हरण्याचा आनंद खेमाला आयुष्यात पहिल्यांदा कळला. ज्यांना समुद्र हवा होता त्यांनी दाम देऊन नेला, ज्यांना नको होता ते जुन्या पटावर सुखाने खेळत राहिले. बोधिसत्त्व आणि खेमा कोणाच्या कर्मशाळेत गेले नाहीत.

ही पूर्वजन्मीची गोष्ट सांगून शास्त्यांनी, भिक्षुसंघाच्या गुरूंनी, समोर बसलेल्या एका भिक्षूकडे पाहिले. हा भिक्षू एका वृद्ध नवदीक्षिताला गाथा शिकवत होता. त्याने तीन चरण शिकवले होते आणि त्या वृद्धाकडून अंगावर पांघरायचे नवे चीवर मिळेपर्यंत चौथा राखून ठेवला होता. ते कळून एका भिक्षुणीने भर सभेत त्याला धारेवर धरले होते. शास्ते म्हणाले, "तेव्हाचा कोरंड श्रेष्ठी म्हणजे हा भिक्षू. तेव्हाची खेमा म्हणजे ही भिक्षुणी, तिचा राग अजून तसाच आहे. आणि पट बनवणारा मीच होतो. जे दिले ते पुरे द्यावे, नव्या श्रमाचे मोल निःसंकोच मागावे. हीच सचोटी."

भिक्षू खाली मान घालून उठला, त्या वृद्धाजवळ जाऊन बसला आणि त्याने चौथा चरण म्हणायला सुरुवात केली.