पट्ट्याची टुणटुण

ज्या काळी गाड्या एकमेकींशी बोलत आणि माणसं ते ऐकत नसत, त्या काळातली ही गोष्ट. कागलच्या ऋतुराजकडे एक मोटारसायकल होती. त्याचा मित्र दुचाकीवरून पडून वारला, तेव्हा आईने हट्टाने त्याला चारचाकी घ्यायला लावली. "चार चाकं, वर छप्पर. आता माझ्या जिवाला घोर नाही," ती म्हणाली.

ऋतुराजने गाडी आधी गॅरेजला नेली. परत आली ती जमिनीला टेकायच्या बेतात, काचा काळ्या आणि डिकीभर स्पीकर.

मोटारसायकलने विचारलं, "पोरं तुझ्यावरच का गं भाळतात?"

"तुझ्यावर वारा तोंडावर आपटतो, आक्का. भीती वाटते. माझ्यात एकशेवीसच्या वेगातही शर्टाची घडी मोडत नाही."

"ती भीतीच त्याला रोज घरी आणायची. तू त्याला सावध कशी करणार?"

"पट्टा लावला नाही की मी टुणटुण करते. सारखी करते."

त्या टुणटुणीने गाणं बिघडतं, म्हणून गाडी पुन्हा गॅरेजला गेली.

दसऱ्याला दोघींना झेंडूचे हार घातले. संध्याकाळी ऋतुराज तीन मित्रांना घेऊन हायवेला गेला. आठवड्याने, पंचनामा उरकल्यावर, क्रेनने चेपलेली गाडी अंगणात आणून टाकली. हार तसाच होता. आई घराबाहेर आलीच नाही.

"ओरडली नाहीस का गं?" मोटारसायकलने विचारलं.

"कशी ओरडू? गॅरेजवाल्यांनी खाचांत पट्ट्यांविना नुसतीच बक्कलं खुपसली होती, मला वाटावं पट्टे लावलेत. तोंडात बोळाच होता, आक्का. आणि पोरांना तर शेवटपर्यंत भीतीसुद्धा वाटली नाही."